ब्रॉन्स्की बीटचा ‘द एज ऑफ कन्सेंट’ : एलपी घेताय? आधी इनर स्लीव्ह बघा

ब्रॉन्स्की बीट या ब्रिटिश पॉप त्रिकुटाचा हा पहिला अल्बम (लंडन रेकॉर्ड्स, ऑक्टोबर १९८४) जुन्या एलपीत घ्यायचा असेल, तर विक्रेत्याला रेकॉर्डवर ओरखडे किती हे नंतर विचारा. आधी विचारा, आतलं छापील पाकीट मूळचंच आहे ना? जुन्या रेकॉर्डचं पाकीट फाटलं की विक्रेते ती साध्या पांढऱ्या पाकिटात घालतात. एरवी त्याने फारसं बिघडत नाही. इथे मात्र अर्धा अल्बमच हातातून जातो.

कारण त्या पाकिटावर वेगवेगळ्या देशांची यादी आहे : दोन पुरुषांमधला शरीरसंबंध कोणत्या देशात किती वयापासून कायदेशीर. अल्बमचं नावही त्यावरूनच, ‘संमतीचं वय’. त्या वर्षी फ्रान्समध्ये हे वय १५ होतं, हॉलंडमध्ये १६. ब्रिटनमध्ये २१, आणि तेही चार भिंतींच्या आत. आयर्लंडमध्ये तर असा संबंध सरळ गुन्हाच होता, १९९३ पर्यंत. इंग्लंडमधल्या सतरा वर्षांच्या दोन वर्गमित्रांपैकी मुलीवर प्रेम करणाऱ्याला कायद्याची आडकाठी नव्हती, मुलावर प्रेम करणाऱ्याला होती. ही माहिती त्याला घरी कोण देणार होतं? शाळेत तर विचारायचीही सोय नाही. ती त्याला हिट गाण्यांच्या रेकॉर्डसोबत मिळाली. शेजारचा देश आपल्याला गुन्हेगार मानत नाही हे छापील स्वरूपात हातात येणं, याचं मोल त्या वयात फार मोठं असतं. कव्हरवर गुलाबी त्रिकोण आहे. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर लावली जाणारी ही खूण पुढे चळवळीने स्वतःची म्हणून उचलली.

ब्रिटनमध्ये हे वय १९९४ मध्ये १८ वर आलं आणि सगळ्यांसारखं १६ व्हायला २००१ उजाडलं. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं आपल्याकडचं कलम ३७७ हेही इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी काढून टाकलं. म्हणून ही यादी मराठी वाचकाला परकी वाटायचं कारण नाही.

बँडमधले जिमी सॉमरव्हिल (गायक), स्टीव्ह ब्रॉन्स्की आणि लॅरी स्टाइनबाचेक हे तिघेही गे, आणि पहिल्या दिवसापासून उघडपणे. गायक टॉम रॉबिन्सनने १९७८ मध्ये ही वाट काढली होती हे खरं, पण पॉपमधले बहुतेक जण तेव्हा गप्पच होते. पेट शॉप बॉइजचा नील टेनंट जाहीरपणे बोलला १९९४ मध्ये, जॉर्ज मायकल १९९८ मध्ये. ज्याच्या त्याच्या वेळेचा मान राखायला हवा, त्यांना दोष नाही. पण १९८४ मध्ये टीव्हीवर जीन्स घातलेला, बारीक केस कापलेला, जराही नटवेपणा नसलेला ग्लासगोचा सॉमरव्हिल दिसायचा आणि मुलाखतीत आपलं आयुष्य लपवायचा नाही, तेव्हा चाहत्यांना कळलं की असं असायला वेगळा पोशाख लागत नाही.

आता गाणी. ऐकायला सुरुवात दुसऱ्या बाजूने करा, ‘स्मॉलटाउन बॉय’ने. ब्रिटनच्या हिट गाण्यांच्या यादीत हे तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. आधी सिंथेसायझरची उदास सुरावट, मग सॉमरव्हिलचा शब्दांशिवायचा उंच टाहो, आणि त्यानंतर बेसचा ठेका. गावातून पहाटे निघालेला मुलगा, हातात सगळा संसार मावलेली छोटी काळी बॅग, फलाटावर वारा-पाऊस. आईला कारण कधीच कळणार नाही, हे तो रडत नाही, सांगतो. सूर दुःखाचा आणि ताल नाचाचा, म्हणून हे गाणं क्लबमध्ये टिकलं : ज्याच्यावर बेतलंय त्यालाच ते चारचौघांत नाचत ऐकता येतं. व्हिडिओ आवर्जून बघा. पोलिसांनी घरी आणून सोडलेल्या मुलाला निघताना बाप पैसे देतो, पण त्याने पुढे केलेला हात हातात घेत नाही. एवढ्याशा जागेत घर सोडण्याची अख्खी गोष्ट येते. शेवटी गाडीत मित्र सोबत असतात, आणि घरातून बाहेर पडावं लागलेल्यांना ते दृश्य आजही धीर देतं.

‘व्हाय?’ त्याहून संतापलेलं आहे. खून झालेले नाटककार ड्रू ग्रिफिथ्स यांच्या आठवणीतलं हे गाणं पहिल्या बाजूच्या सुरुवातीला ठेवलंय ते योग्यच. गर्श्विनच्या ‘इट एन्ट नेसेसरिली सो’मध्ये ‘पिंक सिंगर्स’ ही लंडनची गे-लेस्बियन गायकमंडळी कोरसला आहे. बायबलमधलं सगळं खरंच असेल असं नाही, ही मूळ गाण्यातली ओळ त्या आवाजांत वेगळ्याच धारेने येते. ‘हीटवेव्ह’मधला टॅप डान्सच्या बुटांचा ताल ही सुखद भर. ‘नो मोर वॉर’ आणि ‘जंक’ मात्र घोषणेच्या पुढे जात नाहीत, ते गाळले तरी चालतील.

शेवटचा ‘आय फील लव्ह/जॉनी रिमेंबर मी’ हा जोड पुन्हा कळस. ‘जॉनी रिमेंबर मी’च्या मूळ गाण्यात (जॉन लेटन, १९६१) जॉनीला हाक मारते ती त्याची मेलेली प्रेयसी. सॉमरव्हिलच्या गळ्यात ती हाक पुरुषाने पुरुषाला मारलेली होते. गायक मार्क आल्मंडसोबतची प्रसिद्ध आवृत्ती १९८५ च्या सिंगलवर आहे, या एलपीवर नाही. ती हवी असेल तर सिंगल वेगळी शोधा.

तांत्रिक अडचण नेमकी याच गाण्याला येते. रेकॉर्ड एकाच गतीने, मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाच्या लहरी आखूड जागेत दाटतात आणि सुई वळणं नीट पकडत नाही. त्यात सॉमरव्हिलचा आवाज वरच्या पट्टीतला, त्यामुळे ‘स’ कर्कश फुटतो. ‘स्मॉलटाउन बॉय’ बाहेरच्या कडेला असल्यामुळे बचावतं. म्हणून जुनी प्रत तपासताना विक्रेत्याला दुसऱ्या बाजूचा शेवट वाजवायला सांगा. तिथे आवाज खरखरीत असेल आणि साफ करूनही जात नसेल, तर आधीच्या मालकाच्या जड किंवा झिजलेल्या सुईने खाच खाल्लीय. ते दुरुस्त होत नाही.

घरी वाजवताना एलिप्टिकल (लंबगोल टोकाची) सुई वापरा आणि सुईचं वजन कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, कागदावर दिलेलं ठेवा. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ते साधारण १.८ ते २ ग्रॅम असतं. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमधल्या सिरॅमिक कार्ट्रिजचं वजन ५ ग्रॅमच्या आसपास जातं. त्यावर ही प्रत लावू नका.

साठवणुकीत एक गोष्ट पाळा. रेकॉर्ड छापील पाकिटात परत घालू नका. कडेने पाकीट उसवतं, आणि कागद रेकॉर्डवर घासून बारीक रेघा पाडतो. वेगळं पॉलिथिनचं अस्तर असलेलं पाकीट घ्या, रेकॉर्ड त्यात ठेवा आणि छापील पाकीट मागे सपाट सरकवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके आणि खाचांत बुरशी धरते. म्हणून रेकॉर्ड उभ्या आणि भिंतीपासून जरा सुट्या ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुरशी आलीच तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर कापड, गोल फिरवत, खाचांच्या दिशेने. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचांत वाळतात.

मूळ ब्रिटिश प्रत हवी असेल तर कणा आणि लेबलवर बीआयटीएलपी १ हा क्रमांक पाहा. नवीन छपाई घेत असाल तर ऑर्डर करण्याआधी आतल्या पाकिटाचा फोटो मागा. त्यावर यादी दिसली नाही, तर जुनी, थोडी खरखरणारी पण पूर्ण प्रत घेणं चांगलं.

टर्नटेबल नसेल तर अ‍ॅपवर ऐकताना लांबी बघून निवडा. ‘स्मॉलटाउन बॉय’ची अल्बममधली आवृत्ती पाच मिनिटांची आहे. बारा इंची सिंगलची सुमारे नऊ मिनिटांची आहे आणि ती संथ सुरू होते, ठेका नंतर येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अल्बमचीच द्या. नऊ मिनिटांची नाचायला.