आयरॅफमध्ये वाकडे वर्णपट सरळ करताना: सात महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये साताऱ्यात पावसाची झड लागली, तेव्हा हे काम हाती घेतलं. एका 2 मीटर दुर्बिणीच्या लाँगस्लिट फाइली (लांब, अरुंद फटीतून घेतलेले वर्णपट), गोडोलीतल्या घरचा लिनक्सवाला लॅपटॉप आणि आयरॅफ, म्हणजे खगोलीय चित्रं नि वर्णपट हाताळायचं सॉफ्टवेअर. त्याचा अधिकृत विकास 2013 नंतर थांबला, आता स्वयंसेवक ते सांभाळतात. तरी या कामासाठी मी आयरॅफच घेईन.

स्लिटच्या, म्हणजे त्या फटीच्या, टोकांकडचे किरण ग्रेटिंगवर (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या भागावर) तिरपे पडतात, म्हणून एकाच तरंगलांबीची रेषा धनुष्यासारखी वाकते. सुरुवातीला हे सोडून मी थेट आकाश, म्हणजे आकाशाचा स्वतःचा प्रकाश, वजा केलं. त्यातली ऑक्सिजनची 5577 अँगस्ट्रॉम तरंगलांबीची हिरवी रेषा पुसली जायला हवी होती. तिथं एका कडेला पांढरा पट्टा, दुसऱ्या कडेला काळा. दोन आठवडे मी फ्लॅट फील्डमध्ये (पिक्सेलांची असमानता काढायच्या फ्रेममध्ये) चूक शोधली. शेवटी एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं दिव्याची फ्रेम (ज्याच्या रेषांची तरंगलांबी आधीच ठाऊक असते) मोठी करून स्क्रीनवर चक्क पट्टी धरली. "सर, रेषाच वाकडी आहे की!"

मग आयरॅफमधल्या आज्ञांचा क्रम बसवला: दिव्याच्या रेषा ओळखायला आयडेंटिफाय, त्याच रेषा स्लिटभर शोधायला रीआयडेंटिफाय, त्यांच्या वाकण्यावर गणिती पृष्ठभाग बसवायला फिटकोऑर्ड्स आणि त्यानुसार फ्रेम सरळ करायला ट्रान्सफॉर्म. खरी कसोटी फिटकोऑर्ड्सची. स्लिटच्या दिशेनं ऑर्डर (पृष्ठभागाला किती वळू द्यायचं तो आकडा) 6 ठेवली तर मधे सगळं छान आणि कडांना पृष्ठभाग भलतीकडे वळलेला. 3 वर आणल्यावर गाडी रुळावर आली. कॉस्मिक किरणांचे ठिपके ट्रान्सफॉर्मच्या आधीच काढा, नाहीतर एक ठिपका शेजारच्या पिक्सेलांत पसरतो आणि मग तो वेगळा ओळखूच येत नाही.

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे एक पिक्सेल साधारण 1.5 अँगस्ट्रॉमचा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत 2 पिक्सेल तिरकी राहिली, तर 6563 च्या हायड्रोजन रेषेवर सेकंदाला सुमारे 137 किलोमीटरचा वेग दिसतो, कारण रेषा किती सरकली यावरूनच वेग मोजतात. दीर्घिका फिरतेय असं आपण लिहून मोकळे होऊ, आणि फिरत असेल फक्त आपली चूक! एकट्या ठळक ताऱ्याला मात्र हे सगळं लागत नाही, एका ताऱ्याचा वर्णपट वेगळा काढणारी एपऑल ही आज्ञा पुरते.

त्रास एकच: ट्रान्सफॉर्म पिक्सेल नव्यानं वाटतं, त्यामुळे आकाशाच्या टोकदार रेषांचा थोडा माग राहतोच. 2003 मध्ये डॅनियल केल्सन यांनी मूळ पिक्सेलांवरच आकाश वजा करायची रीत मांडली, ती आता करून बघतोय. आणि ओळखलेल्या रेषांची नोंद राहते त्या डेटाबेस फोल्डरची प्रत प्रत्येक रात्रीच्या नावानं वेगळी ठेवा. माझी एकदा पुसली गेली आणि अख्खा रविवार दिव्याच्या रेषा पुन्हा ओळखण्यात गेला.