सेंट हेलेना: याटने येणाऱ्यांसाठी जेम्सटाउनचा धक्का

केपटाउनहून दक्षिण अटलांटिकमधल्या या ब्रिटिश बेटापर्यंत साधारण १७०० सागरी मैल. आग्नेयेचा व्यापारी वारा पाठीशी असतो, म्हणून मित्राच्या शिडाच्या याटवर माझ्याकडे मुख्य काम राहिलं ते मुगाच्या खिचडीचं. जेम्सटाउन बेटाच्या वायव्येला, वाऱ्याच्या आडोशाला आहे. मरीना नाही. समोरच्या खाडीतला मूरिंगचा बोया (बोट बांधायचा तरंगता गोळा) धरायचा, पिवळं निशाण चढवून बेटावर उतरायच्या परवानगीची वाट पाहायची.

खरी गंमत उतरताना. आडोसा असला तरी समुद्राची उसळी थेट धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत येते. म्हणून तिथे वरून जाड दोर सोडलेत. याटवरून किनाऱ्याला नेणारी फेरीबोट पायरीशी वर उचलली गेली की दोर धरायचा आणि पाऊल टाकायचं. ती खाली जायला लागली तर गप्प उभं राहायचं. फेरीवाला सामान आधी वर घेतो, मग माणसं. साठीतल्या गुडघ्यांनाही त्याने घाई केली नाही, याचे पूर्ण गुण. पैसे वाचवायला याटवरची स्वतःची छोटी होडी, म्हणजे डिंगी, नेण्याचा हट्ट करू नका.

विमानसेवा २०१७ मध्ये सुरू झाली, तरी बराचसा माल अजून जहाजानेच येतो; तेव्हा कांदे-बटाटे केपटाउनलाच भरा. नेपोलियनला कैदेत ठेवलं होतं ते लाँगवुडचं घर बघाच. टेकडीवर चढणाऱ्या जेकब्स लॅडर या जिन्याच्या ६९९ पायऱ्या मी खालूनच पाहिल्या. इथली कॉफी महाग, पण उत्तम.

सेंट हेलेनाचा पाउंड स्टर्लिंगच्या बरोबरीचा, पण असेन्शन बेट सोडलं तर बाहेर तो सहसा कुणी घेत नाही. निघण्याआधी संपवून टाका.