खिशातला इंग्रजी-मराठी शब्दकोश: कापसाच्या पट्ट्यात किती कामाचा?

जळगाव, धुळे, नंदुरबारला पुस्तकांच्या गाड्यांवर तळहाताएवढा, जाडजूड शब्दकोश मिळतो. स्पेलिंग आणि पहिला अर्थ पाहायला तो ठीक. त्यापुढे तो किती चालतो, हे पैसे देण्याआधी गाडीवरच कळतं. कॉटन, जिन आणि कँडी हे तीन शब्द काढून पाहा.

कॉटनसमोर बहुतेक एकच शब्द सापडेल: कापूस. आपल्याकडे शेतात उभी ती कपाशी, वेचला तो कापूस, सरकी काढली की रुई. इंग्रजीत झाडापासून कापडापर्यंत सगळं कॉटनच. म्हणून नेमकं सांगायचं तर सरकीसकट कापसाला सीड कॉटन, रुईला लिंट आणि सरकीला कॉटनसीड म्हणावं लागतं. हे शब्द नसतील तर कोश व्यापाऱ्याच्या उपयोगाचा नाही. कॉटन हे न मोजता येणारं नाम आहे, हेही छोटे कोश सांगत नाहीत. मग मुलं 'टू कॉटन्स' लिहितात. 'टू बेल्स ऑफ कॉटन' हवं, म्हणजे 170 किलोच्या दोन गाठी. 'कॉटन ऑन' म्हणजे ध्यानात येणं, हा ब्रिटिश बोलीतला प्रयोग. तो दिला नसेल तर 'ही कॉटन्ड ऑन' वाचणारा कापसातच अडकतो.

जिन हा खरा कस लावणारा शब्द. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. सरकी काढणारं जिन हे 'एंजिन'चं छाटलेलं रूप, मूळ लॅटिन. दारूची जिन डच 'येनेव्हर'वरून आली, म्हणजे जुनिपरच्या झाडावरून. चांगला कोश दोन स्वतंत्र नोंदी करून त्यांना 1 आणि 2 असे अंक देतो. स्वस्तातला कोश अर्धविराम टाकून एकाच ओळीत उरकतो, किंवा दारू देऊन यंत्र गाळतो. खान्देशात हे गाळणं अक्षम्यच! आपण कारखान्याला 'जिनिंग' म्हणतो, इंग्रजीत मात्र जिनिंग ही क्रिया. कारखाना सांगायला 'जिनिंग मिल' किंवा नुसतं 'जिन'.

कँडीचंही तसंच. गोड कँडी फ्रेंच-अरबीतून आली, मागे बहुधा संस्कृत 'खंड'. रुईचा भाव ज्या कँडीवर निघतो ती आपली खंडी, सुमारे 356 किलो. बाजारभावाच्या बातमीत 'कॉटन कँडी' दिसली तर म्हातारीचे केस समजू नका.

शब्दाचं मूळ या आकाराच्या कोशात नसतंच, त्याबद्दल तक्रार नाही. कॉटन अरबी 'कुत्न'वरून आणि कापूस संस्कृत 'कर्पास'वरून, ही माहिती मोठ्या कोशातच शोधावी.

दहावीपर्यंतच्या मुलाला घ्यायला हरकत नाही, पण बांधणी पाहून घ्या. नुसत्या डिंकावर चिकटवलेली प्रत मधोमध सपाट उघडली की पानं सुटतात. शिवलेली टिकते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी मात्र फोनवर केंब्रिजचा मोफत कोश वापरावा. त्यात नाम मोजता येतं की नाही याची खूण असते आणि ब्रिटिश-अमेरिकी दोन्ही उच्चार ऐकता येतात. खंडी, रुई, सरकी असे आपले शब्द इंग्रजीत न्यायचे असतील तर मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाईन फुकट पाहता येतो.