मल्हारगंजातली घरं डिजिटल अर्काइव्हमध्ये शोधताना: काही महिन्यांचा अनुभव

इंदूरमध्ये बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद झाला आणि मल्हारगंज, गोराकुंडाकडच्या कित्येक जुन्या घरांचे दर्शनी भाग गेले. ओटले गेले, लाकडी सज्जे गेले. कुठलं घर आधी कसं होतं याची गल्लीवार नोंद करायला घेतली, तेव्हापासून ऑनलाइन अर्काइव्ह रोजच्या वापरात आहेत.

सगळ्यात मोलाचं हाती लागलं इंटरनेट अर्काइव्हवर. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी केलेला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल (१९१८, दोन भाग) तिथे फुकट वाचता येतो. जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ते काढायला गेडिसांचा विरोध होता. मोजकीच पडकी घरं काढा, मोकळ्या झालेल्या जागी छोटे चौक करा, झाडं लावा, बाकीची वस्ती राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. आज त्याच गल्ल्यांतून फिरताना ती पानं आठवली की जीव तुटतो. एक सावधगिरी: दुसऱ्या एका साइटवरून उतरवलेल्या प्रतीत घडीचा नकाशा उघडून स्कॅनच केलेला नव्हता, नुसती कागदाची पाठ दिसत होती. म्हणून डाउनलोड करण्याआधी नकाशांची पानं उघडून बघा.

फोटोंच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवा. राजवाडा, लालबाग, होळकरांच्या स्मारक-छत्र्या भरपूर मिळतात. साधी घरं मिळतात ती फोटोच्या कडेला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचा एक जुना फोटो मोठा करत गेलो, तर मागे एका घराची वरच्या मजल्यावरची खिडक्यांची ओळ आणि उतरतं कौलारू छप्पर स्पष्ट दिसलं. त्या घराचा दुसरा फोटो मला अजून कुठेच मिळालेला नाही. तारीख नसेल तर फोटोखालच्या ओळी नीट वाचा. गांधी हॉलला त्या काळातच ‘किंग एडवर्ड हॉल’ लिहिलेलं असेल, तर फोटो बहुधा १९४८ च्या आधीचा.

अमेरिकी लष्कराचे १:२,५०,००० चे जुने नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर आहेत, पण गल्लीच्या कामाला निरुपयोगी. त्यात एका सेंटिमीटरमध्ये अडीच किलोमीटर मावतात. गूगल अर्थची जुनी उपग्रहचित्रं बरी. गेल्या वीसेक वर्षांत कुठला वाडा पाडून तिथे मार्केट उभं राहिलं ते वर्ष बदलत बघितलं की कळतं. मात्र वरून फक्त छप्पर दिसतं, दर्शनी बाजू नाही.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर शोधताना नुसतं इंदूर टाकून थांबू नका. ‘सेंट्रल इंडिया एजन्सी’, ‘इंदूर रेसिडेन्सी’, ‘होळकर स्टेट’ असंही टाका. सगळ्या फायली स्कॅन झालेल्या नाहीत, पण विषय आणि वर्ष समजलं तरी पुढची वाट सापडते.

एकूण, मोठ्या इमारतींसाठी ही साधनं उत्तम. वाड्यांसाठी ती अपुरी पडतात आणि उरलेलं घरोघरच्या अल्बममध्येच आहे. लग्नाची वरात, मुंजीचा मांडव, ओटल्यावर बसलेली आजी, या फोटोंच्या मागे अख्खं घर उभं असतं. तुमच्याकडे असे फोटो असतील तर ६०० डीपीआयला स्कॅन करा, फोटोच्या मागे लिहिलेलं असेल तेही स्कॅन करा आणि फाइलच्या नावात गल्ली व वर्ष घाला.