सातवीच्या वर्गातले टॅब : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात मी सातवीला भूगोल आणि विज्ञान शिकवते. गेल्या जूनमध्ये आमच्या वर्गाला दहा इंची पडद्याचे २४ टॅब मिळाले. दिवाळीपर्यंत प्रत्येक मुलाच्या हाती एक आणि त्यानंतर चौघांत एक, अशा दोन्ही रीतींनी ते वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

यंत्र म्हणून टॅब बरा आहे. पडदा स्पष्ट आहे, आणि एकदा चार्ज केला की शाळेचा दिवस निघतो. मात्र पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस येत नाही आणि रेंजचाही भरवसा नसतो. म्हणून पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अॅपवरचे पाठ मी आधीच उतरवून ठेवते. खाऱ्या हवेने चार टॅबच्या चार्जिंगच्या जागा गंजल्या. विक्रेत्याने ओलाव्याचे कारण सांगून वॉरंटी नाकारली, याचा मला अजूनही राग आहे. समुद्राकाठच्या शाळांनी खरेदीपूर्वी ओलाव्याने झालेला बिघाडही वॉरंटीत येईल, अशी अट लेखी घ्यावी.

खरी अडचण वेगळीच निघाली. भरती-ओहोटीचा पाठ सुरू असताना २४ मुले आपापल्या पडद्यावर चंद्र-सूर्याची फिरती चित्रे पाहत होती. वर्ग इतका शांत होता की मला समाधान वाटले. मग मी विचारले, “उद्या आपल्या बंदरात भरती किती वाजता येईल?” ज्या गावातल्या होड्या पाण्याच्या वेळेवर सुटतात, तिथल्या एकाही मुलाने उत्तर दिले नाही; निम्म्यांनी तर मान वर केली नाही. माझे म्हणणे पोचले की नाही हे मला मुलांच्या चेहऱ्यांवरून कळते. कपाळाला आठी दिसली की मी थांबते, तेच उदाहरण दुसऱ्या शब्दांत देते. त्या दिवशी मला थांबावेसेच वाटले नाही, कारण एकही चेहरा दिसत नव्हता.

कॅनडातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचेच नव्हे, तर ज्यांना तो पडदा दिसत होता त्यांचेही आकलन घटले. आमच्या बाकांवर हे मी रोज पाहत होते : एकाने चित्र पुढे सरकवले की शेजारच्याचे लक्ष तिकडे जाई.

दिवाळीनंतर मी सहाच टॅब बाहेर काढू लागले. चौघांनी मिळून सहा-सात मिनिटे पाहायचे आणि मग टॅब पालथा ठेवून बोलायचे, हा नियम केला. पहिले दोन आठवडे मुले कुरकुरली. एकच पडदा चौघांत आल्यामुळे थांबवा, मागे घ्या, हे असे का झाले, अशी बोलाचाली आपोआप सुरू झाली, आणि एकास एक टॅब घेऊ पाहणाऱ्या शाळांना मी हीच रीत सुचवेन. एकट्याने सराव करण्यासाठी, विशेषतः ऐकू कमी येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यासाठी, स्वतंत्र टॅब उपयोगी पडतो. तो मी काढून घेतलेला नाही.

भरतीचा पाठ जानेवारीत पुन्हा घेतला. टॅब पालथे झाल्यावर कोळीवाड्यातली एक मुलगी उभी राहिली. “बाई, आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करतात.” चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. वर्गाने लगेच वहीत गणिते मांडली. तेवढ्यात मागच्या बाकावरून शंका आली : पौर्णिमेला १५ ची पाऊणपट केली तर सव्वाअकरा येतात, पण पुस्तकात तर त्या दिवशी भरती बाराला सांगितली आहे. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे असतात, म्हणजे भरती दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि पाऊणपटीत ४५ मिनिटेच धरली जातात, हे मुलांनी एकमेकांशी वाद घालत शोधून काढले. मी फळ्याजवळ उभी राहून फक्त ऐकत होते. तासाची घंटा झाली तरी कोणी उठले नाही.

नक्की सव्वाअकरा की बारा, हे ठरवण्यासाठी माघी पौर्णिमेला आम्ही वर्गासह जेटीवर गेलो. टॅब कपाटातच राहिले. अकरापासून दर दहा मिनिटांनी पाणी कितव्या पायरीला लागले ते दोघे मोजत होते, दोघे वहीत लिहीत होते, आणि बाकीचे त्या मुलीच्या आजोबांभोवती बसून उधाणाची (मोठी) आणि भांगाची (लहान) भरती कशी ओळखायची ते विचारत होते.