प्रीपेड कार्ड घेण्याआधी: भरलेले पैसे बाहेर कसे निघतात?

प्रीपेड कार्ड घेताना बहुतेक जण कॅशबॅक किती मिळतो ते विचारतात. विचारायला हवं ते वेगळंच: भरलेले पैसे परत काढायचे झाले तर कसे निघतात? कार्डाकार्डांतला खरा फरक इथेच आहे. वरचं डिझाईन काहीही असो, दुकानात किंवा अ‍ॅपवर मिळणारी कार्डं मुख्यतः तीन जातींची असतात: गिफ्ट, कमी केवायसीचं (केवायसी म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची तपासणी) आणि पूर्ण केवायसीचं. २७ ऑगस्ट २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी प्रत्येकीला वेगळी वेसण घातली आहे.

गिफ्ट कार्ड आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला द्यायला किंवा लग्नात पाकिटाऐवजी ठीक. कमाल रक्कम १०,००० रुपये. एकदा भरलं की पुन्हा भरता येत नाही, एटीएममधून पैसे निघत नाहीत, दुसऱ्याला पाठवताही येत नाहीत. शिवाय या कार्डाला ओटीपी किंवा पिनची सक्ती नाही, म्हणजे हरवलं की ज्याच्या हाती लागेल त्याचं. घेतल्याबरोबर नंबर आणि मुदत कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर ब्लॉक करायला फोन केल्यावर सांगणार काय?

खरी गंमत काउंटरवर होते. जळगावच्या सराफ बाजारात बिल झालं १०,०३७ रुपये आणि कार्डात आहेत १०,०००. मशीनवर पूर्ण रक्कम टाकली की व्यवहार सरळ नाकारला जातो. कार्डात आहे तेवढे आपणहून कापून घेऊन उरलेले मागायचं, असं मशीन सहसा करत नाही. म्हणून आधीच सांगायचं, ‘कार्डावर दहा हजार मारा, वरचे सदतीस रोख घ्या.’ उलटही होतं. वीस-तीस रुपये उरले की ते पडूनच राहतात. पुढच्या किराण्यात तेवढीच रक्कम स्वाईप करून कार्ड रिकामं करावं. आणि रिकामं झालं म्हणून लगेच फेकू नका. वस्तू परत केली तर रिफंड बहुधा त्याच कार्डावर येतो.

एखाद्या दुकानाचं स्वतःचं कार्ड, फक्त त्याच दुकानात चालणारं, ही भानगड वेगळी. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि वरचे नियमही लागू होत नाहीत. दुकान बंद पडलं तर भांडायचं त्या दुकानदाराशीच. मोठी रक्कम अशा कार्डात अडकवू नये, हे स्पष्ट मत.

कमी केवायसीचं कार्ड मोबाईल नंबर, ओटीपी आणि एखाद्या ओळखपत्राचा क्रमांक एवढ्यावर पाच मिनिटांत मिळतं, आणि तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच. महिन्याला १०,००० रुपये, आर्थिक वर्षात १,२०,००० रुपये एवढंच भरता येतं, आणि कोणत्याही क्षणी आत १०,००० च्या वर ठेवता येत नाहीत. फक्त खरेदी. भुसावळहून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराला हे कार्ड दिलं तर पुस्तकं येतील, पण खोलीचं भाडं मालकाच्या खात्यात जाणार नाही, कारण पैसे पाठवण्याची सोयच नाही. रोख भरता येणारं कार्ड असेल तर २४ महिन्यांत पूर्ण केवायसी करावी लागते. नाही केली तर नवीन पैसे भरणं बंद, असलेले खर्च करता येतात. बंद करताना पैसे जिथून भरले तिथेच परत जातात. बँक खात्यात हवे असतील तर आधी केवायसी.

पूर्ण केवायसीचं कार्ड त्यातल्या त्यात कामाचं. दोन लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते, पैसे पाठवता येतात, यूपीआयला जोडून स्कॅन करता येतं. नंदुरबारच्या किंवा चोपड्याच्या आठवडे बाजारात स्वाईप मशीन कुणाकडे असणार? तिथे स्कॅनच चालतं. रोख काढण्यावर मात्र लक्ष ठेवा: कार्ड बँकेचं नसून कंपनीचं असेल तर एका वेळी २,००० आणि महिन्याला १०,००० रुपयेच निघतात. दवाखान्यात अचानक वीस हजार रोख लागले तर हे कार्ड कामाला येणार नाही.

आता शुल्क. समजा, पैसे भरताना दीड टक्का कापतात. ८,००० वर १२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४१ रुपये ६० पैसे, आणि हे दर महिन्याला. वर कार्डातल्या शिल्लकीवर व्याज शून्य. त्यामुळे नुसता महिन्याचा खर्च पाठवायचा असेल तर बँकेत मुलाच्या नावे साधं बचत खातं आणि डेबिट कार्ड हेच स्वस्त पडतं. मूळ खात्याचा नंबर ऑनलाईन कुठे द्यायचा नाही किंवा खर्चाला कुंपण घालायचं आहे, तेव्हा प्रीपेड घ्यावं.

‘नवं कार्ड ऑनलाईन चालतच नाही’ ही ओरड नेहमीची. कार्ड खराब नसतं; पुन्हा भरता येणाऱ्या नव्या कार्डावर ऑनलाईन आणि टॅपची (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देण्याची) सोय मुद्दाम बंद ठेवून देतात, अ‍ॅपमध्ये जाऊन ती चालू करावी लागते. ऑनलाईन चालू करा, टॅप बंदच राहू द्या, कारण ५,००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही.

मुदत शेवटचा भरणा केल्यापासून किमान एक वर्ष असते आणि संपण्याच्या ४५ दिवस आधीपासून मेसेज येतात. ते येतात नोंदवलेल्या नंबरवर. सिम बदललं आणि कार्डाचा नंबर तोच जुना राहिला तर ना मेसेज कळणार, ना ओटीपी येणार.

तुमची चूक नसताना पैसे गेले तर तीन दिवसांच्या आत कंपनीला कळवा, म्हणजे नुकसान तुमच्यावर येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० यांपैकी जे कमी, तेवढा भार तुमचा. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. फोनवर बोलून थांबू नका, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तोच तक्रार क्रमांक देऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, आणि तिला पैसे लागत नाहीत.