फ्रंटियर रीएनॅक्टमेंटचा किट: एक अख्खा सीझन वापरल्यानंतर

पिट्सबर्गला राहतो आणि शनिवार-रविवार अठराव्या शतकातले कपडे घालून कॅम्पला जातो, म्हणजे तेव्हाच्या सरहद्दीवरच्या जगण्याची आणि लढायांची नक्कल (रीएनॅक्टमेंट) करतो, हे कळलं की इथल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, बंदूक कितीला पडली? तर बंदूक घेतलेली नाही आणि इतक्यात घेणारही नाही. एप्रिलपासून थंडी पडेपर्यंत जे पायात, अंगावर आणि पांघरायला वापरलं त्याबद्दल लिहितोय, कारण माझं स्पष्ट मत आहे की या छंदात नवा माणूस टिकतो की दुसऱ्या महिन्यात सोडून देतो ते बुटांवर आणि ब्लँकेटवर ठरतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही राहतो तो पश्चिम पेनसिल्व्हेनियाचा भाग म्हणजे त्या काळची सरहद्द. 1754 मध्ये 22 वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने इथून तास-दीड तासावरच्या फोर्ट नेसेसिटीला फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली, 1755 मध्ये ब्रिटिश जनरल ब्रॅडॉकच्या फौजेची मोनोंगहेला नदीकाठी वाताहत झाली, 1758 मध्ये दुसऱ्या ब्रिटिश जनरलचं, फोर्ब्सचं, सैन्य पूर्वेकडच्या लिगोनियरवरून रस्ता काढत आलं आणि मग आजच्या पिट्सबर्गच्या जागी फोर्ट पिट उभा राहिला. तो किल्ला 1761 मध्ये पुरा होत होता आणि त्याच वर्षी तिकडे आपलं पानिपत झालं, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ नुसता तारखा जुळवत बसलो होतो. प्लासी आणि वांदीवॉश तर याच इंग्रज-फ्रेंच युद्धातल्या लढाया. त्यामुळे आपला काय संबंध असं कोणी म्हणालं की मला पटत नाही.

पहिली गोष्ट, खरेदीच्या आधी वर्ष आणि जागा ठरवा. "फ्रंटियर" म्हणून सरसकट विकतात तो झालरवाला हंटिंग शर्ट सगळ्यांना हवाच असतो, दिसतोही भारी, पण त्याचे भरपूर उल्लेख सापडतात ते 1770 च्या दशकापासून. तुमचा ग्रुप 1758 चं लिगोनियर करत असेल तर साधा लिननचा सदरा आणि त्यावर लोकरीचं बाह्यांचं वेस्टकोट बरोबर. माझा ग्रुप दोन्ही काळ करतो म्हणून मी दोन्ही वापरले. काय घालायचं याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे तेव्हाच्या वर्तमानपत्रातल्या, पळून गेलेल्या बांधील नोकरांना पकडण्यासाठी दिलेल्या जाहिराती, त्यात माणसाच्या अंगावर कुठलं कापड, कुठला रंग, बटणं कसली, सगळं लिहिलेलं असतं. पेनसिल्व्हेनिया गॅझेटमधल्या अशा जाहिराती वाचायला बसलात तर रात्र कशी जाते कळत नाही, आणि त्या माणसांबद्दल जीव तुटतो तो वेगळाच.

कापडाबद्दल एक सावध सूचना. ऑस्नाबर्ग नावाने आज जे मिळतं ते सुती असतं, तेव्हाचं जवसाच्या धाग्याचं जाडंभरडं लिनन होतं. सुती स्वस्त पडतं, पण पावसात भिजलं की अंगाला चिकटतं आणि वाळता वाळत नाही. माझा हंटिंग शर्ट शंभर टक्के लिननचा आहे, पहिल्या दोन धुण्यांपर्यंत खरखरीत होता, आता इतका मऊ झालाय की घरीसुद्धा घालावासा वाटतो. पट्टा बांधला की छातीशी जो घोळ तयार होतो त्यात भाकरीचा तुकडा, रुमाल, बंदूक पुसायचा चिंधा, काय वाट्टेल ते राहतं. तेव्हाचे लोकही तो घोळ असाच वापरायचे, हे त्याच सरहद्दीवर वाढलेल्या जोसेफ डॉड्रिज नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय.

आता मोकॅसिन, म्हणजे मूळ अमेरिकन पद्धतीचे मऊ कातड्याचे जोडे. यावर मी तासभर बोलू शकतो. माझे हरणाच्या कातड्याचे, एकाच तुकड्यातून कापलेले, वर मध्यभागी चुण्या घालून शिवलेले आणि घोट्याभोवती गुंडाळायला कानासारख्या पट्ट्या. कोरड्या जंगलात यांच्यासारखं सुख नाही, पायाखालचा प्रत्येक दगड, प्रत्येक मूळ कळतं आणि आपोआप चाल हळू होते, टाच आपटणं बंद होतं. पण ओल्या गवताचा उतार असेल तर सरळ घसरगुंडी, आणि पावसात तर दहा मिनिटांत चिखल आत. डॉड्रिजनेही लिहिलंय की पावसाळी हवेत मोकॅसिन घालणं म्हणजे सभ्यपणे अनवाणी चालणंच, आणि हे वाचून मला फार बरं वाटलं कारण याचा अर्थ माझ्या मोकॅसिनमध्ये दोष नव्हता. मी जुन्या ब्लँकेटचे तळवे कापून आत घातले, तेव्हाचे लोक थंडीत हरणाचे केस किंवा सुकी पानं भरायचे. झिजतात ते चवड्याखाली, बाकी सगळं धडधाकट असताना तिथेच बोट जाईल एवढं भोक पडतं. म्हणून आरी आणि कातड्याची वादी कायम जवळ ठेवायची आणि रात्री शेकोटीपाशी ठिगळ लावायचं. सुरुवातीला हे काम कटकटीचं वाटायचं, आता गप्पा खरं तर तेव्हाच रंगतात, कारण सगळ्यांच्याच मांडीवर एकेक मोकॅसिन असतो. गुडघा किंवा पाठ नाजूक असेल तर मात्र बकलचे बूट घ्या, तेही काळाला धरूनच आहेत, उगाच हट्ट नको.

ब्लँकेट शंभर टक्के लोकरीचंच. ॲक्रिलिक मिसळलेलं स्वस्त असतं पण ठिणगी पडली की वितळतं आणि चटका बसतो, लोकर नुसती करपून विझते. आपल्या घोंगडीसारखाच तिचा स्वभाव, ओली झाली तरी ऊब सोडत नाही. दिवसा पट्ट्याने कमरेला बांधून कोटासारखं पांघरायचं, चालताना विणलेल्या पट्ट्यात गुंडाळून पाठीवर, रात्री अंथरूण-पांघरूण दोन्ही. ऑक्टोबरमधल्या लिगोनियरच्या थंडीत एक पुरलं, पण खाली सुक्या पानांचा किंवा पेंढ्याचा जाड थर हवाच, थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. नोव्हेंबरनंतर दोन लागतात, याला पर्याय नाही.

चकमकीचा, म्हणजे दगड-पोलादाने आग पेटवायचा, सेट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त आनंद देणारा. दगड पोलादापेक्षा कठीण, त्यामुळे घासल्यावर पोलादाचा बारीक कण सुटतो आणि तोच पेटलेला असतो. दगडाच्या धारेवर जळक्या कापडाचा तुकडा धरायचा, वरून पोलाद तिरकं मारायचं, कापडावर लाल ठिपका पसरायला लागला की जवसाच्या तंतूंच्या घरट्यात ठेवून हळूहळू फुंकायचं. आधी भसाभस धूर येतो, डोळ्यांत पाणी, आणि मग एकदम भपकन जाळ. सगळी मेख त्या कापडात आहे. दमट सकाळी डबी उघडी राहिली तर कितीही ठिणग्या पाडा, काही होत नाही, म्हणून घट्ट झाकणाचीच डबी घ्या. माझ्या पहिल्या सेटमधलं पोलाद नीट कडक केलेलं नव्हतं, ठिणगीच पडायची नाही. विकणाऱ्याने बदलून दिलं नाही, शेवटी लोहाराने हाताने घडवलेलं घेतलं आणि ते एक नंबर आहे.

बंदूक मी ग्रुपची वापरतो, नव्या लोकांना द्यायला त्यांच्याकडे जादा असतात. इटालियन पेडरसोली कंपनीने बनवलेली ब्राउन बेस, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश सैन्याच्या बंदुकीची नक्कल, चारेक किलोचं धूड. नवी घ्यायची तर हजार डॉलरच्या पुढेच, त्यातून कितीतरी माणसांचे मोकॅसिन येतील. आमच्याकडे फक्त दारूचा बार भरतात, गोळी कधीच नाही, लढाईत दारू ठासायचा गज बंदुकीवरच्या त्याच्या जागेतून बाहेर काढायलाही मनाई, आणि नेम माणसांच्या डोक्यावरून. हे नियम जिथे ढिले दिसतील त्या ग्रुपकडे फिरकू नका. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून तेल लावलं नाही तर सकाळी गंज हजर. दमलेला असताना हे करायची तयारी आहे का ते दुसऱ्याच्या बंदुकीवर कळतं, म्हणून आधी दुसऱ्याची मागून घेऊन वापरा. आणि नॅशनल पार्कच्या जागेत समोरासमोर लढाईची नक्कल चालतच नाही, फोर्ट नेसेसिटीला गेलात तर कॅम्प, कवायत आणि गोळीबाराचं प्रात्यक्षिक बघायला मिळेल.

किरकोळ पण महत्त्वाचं: गोचिडी. पेनसिल्व्हेनियात त्यांच्यामुळे होणारा लाइम डिसीज भरपूर आहे, त्यामुळे लोकरीच्या लेगिंग्जवर आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, अजिबात दिसत नाही. चष्मा असेल तर जुन्या पद्धतीच्या गोल फ्रेममध्ये नंबर बसवून घ्या. शाकाहारींचं काही अडत नाही, भाजलेला मका, घेवडा, सुकं सफरचंद, मॅपलची साखर, मक्याच्या पिठाची जाड लापशी, हे सगळं तेव्हाचंच.

एक विषय टाळून चालणार नाही. ही जमीन लेनापे, शॉनी, सेनेका या मूळ अमेरिकन लोकांची होती. याच पेनसिल्व्हेनियातल्या मिलिशियाने (स्थानिक नागरिकांच्या फौजेने) 1782 मध्ये ओहायोतल्या ग्नाडेनह्युटनला 96 ख्रिश्चन लेनापे मारले, त्यात बायका-मुलंही होती. मिलिशियाचा सदरा अंगात घालून उभं राहायचं असेल तर प्रेक्षकांना हेही सांगता यायला पाहिजे, निदान मी तरी सांगतो. आणि आपला रंग बघून कोणीतरी "तू इंडियनच (म्हणजे मूळ अमेरिकन) हो ना" असं प्रेमाने सुचवतं, तेव्हा सरळ नाही म्हणा, ती भूमिका त्या लोकांची आहे. आपल्यासाठी जागा इतिहासातच आहे, व्हर्जिनिया-मेरीलँडच्या तेव्हाच्या कागदपत्रांत "ईस्ट इंडियन" म्हणून नोंदलेले नोकर सापडतात. पुढच्या सीझनला मी तीच भूमिका बांधतोय, मुदतीची नोकरी संपवून पश्चिमेला आलेला माणूस, आणि त्याच्यासाठी पुन्हा जाहिराती चाळणं चालू आहे.

सुरू करायचं असेल तर आधी एक इव्हेंट नुसता बघून या, मग ग्रुपकडून कपडे मागून दोन-तीन कॅम्प करा, मग मोकॅसिन किंवा बूट, मग ब्लँकेट, मग सदरा. चकमक मधे कधीही घ्या. पिट्सबर्गच्या आसपास असाल तर ऑक्टोबरमध्ये फोर्ट लिगोनियर डेज गाठा, पार्किंगसाठी सकाळी लवकर निघा.